पास्कल, पाऱ्याची नळी आणि क्लचमधली हवा

१९ सप्टेंबर १६४८ रोजी सकाळी फ्रान्समधील क्लेरमाँ गावातल्या एका मठाच्या बागेत काही मंडळी जमली. त्यांत धर्मगुरू होते, सरकारी अधिकारी होते, एक डॉक्टरही होता. फ्लोरँ पेरिए नावाच्या गृहस्थाने एका टोकाला बंद असलेल्या काचेच्या दोन सारख्या नळ्या आणल्या होत्या. त्या पाऱ्याने काठोकाठ भरून, तोंडावर बोट धरून, पाऱ्याच्याच भांड्यात उलट्या उभ्या केल्या. दोन्ही नळ्यांतला पारा थोडा खाली उतरला आणि सारख्याच उंचीवर, सुमारे ७१ सेंटिमीटरवर थांबला. एक नळी तिथेच ठेवून मठातल्या एका साधूला तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला सांगितले. दुसरी घेऊन मंडळी डोंगर चढू लागली.

डोंगराचे नाव प्यूई द दोम. हा एक जुना ज्वालामुखी. उंची १,४६५ मीटर, म्हणजे गावापेक्षा सुमारे हजार मीटर जास्त. माथ्यावर नळी पुन्हा भरून उभी केली तेव्हा पारा जेमतेम ६३ सेंटिमीटरवर राहिला. साडेआठ सेंटिमीटरचा फरक पाहून सगळे थक्क झाले, पण पेरिए एकदा पाहून थांबला नाही. माथ्यावरच्या छोट्या चॅपेलमध्ये, बाहेर उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात अशी त्याने पाच वेळा मोजणी केली. आकडा तोच आला. उतरताना मध्ये एका जागी मोजले, तर पारा मधल्या उंचीवर होता. खाली आल्यावर साधूने सांगितले की बागेतली नळी दिवसभर जराही हलली नव्हती, आणि तेही त्या दिवशी हवामान सारखे पालटत असताना.

या प्रयोगाचा कर्ता डोंगरावर नव्हताच. पेरिएचा मेहुणा ब्लेझ पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये होता. वय २५, आणि प्रकृती अशी की डोंगर चढणे दूरच राहिले. त्याने पत्रातून प्रयोगाची आखणी कळवली होती. त्या आखणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बागेत ठेवलेली ती दुसरी नळी. ती नसती तर पारा उंचीमुळे उतरला की हवामानामुळे, हा वाद कायम राहिला असता. एक गोष्ट स्थिर ठेवायची, एकच बदलायची आणि मग कारण ठरवायचे, ही शिस्त आज औषधांच्या चाचण्यांत पाळली जाते. चांगला मेकॅनिकही तीच पाळतो. पास्कलचा गॅरेजशी संबंध इथेच संपत नाही. ज्या नियमावर डिस्क ब्रेक आणि जुन्या मोठ्या मोटारसायकलींचा तेलावर चालणारा क्लच काम करतो, तो नियमही त्याचाच.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी क्लेरमाँमध्येच झाला. वडील एत्येन हे कर-न्यायालयातले अधिकारी आणि हौशी गणिती. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. थोरली जिल्बेर्त, मधला ब्लेझ आणि धाकटी जाकलीन या तिघांना घेऊन वडील १६३१ मध्ये पॅरिसला आले. मुलाला शाळेत न घालता त्यांनी स्वतः शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून गणिताची पुस्तके त्याच्यापासून दूर ठेवली. त्याचा परिणाम उलटाच झाला. जिल्बेर्तने लिहिलेल्या चरित्रानुसार, बाराव्या वर्षी हा मुलगा जमिनीवर कोळशाने आकृत्या काढून त्रिकोणाच्या कोनांचा हिशेब स्वतःच जुळवताना सापडला. मग वडिलांनी हट्ट सोडला. सोळाव्या वर्षी पास्कलने शांकवांवर लिहिलेला निबंध पॅरिसच्या गणितींत चर्चेचा विषय झाला.

याच सुमारास वडिलांची नेमणूक रुआँ शहरी करवसुलीच्या कामावर झाली. आकड्यांच्या बेरजा रात्र रात्र चालत. फ्रेंच चलनात बारा दनिएंचा एक सोल आणि वीस सोलांचा एक लिव्र, त्यामुळे हातचे धरताना चुकायची खात्रीच. १९ वर्षांच्या पास्कलने १६४२ मध्ये दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. एका चाकाने फेरी पूर्ण केली की शेजारचे चाक एक घर पुढे सरकवायचे, एवढीच कल्पना, पण ती धातूत उतरवायला त्याला पन्नासेक नमुने करावे लागले. त्याच शहरातल्या एका घड्याळजीने ऐकीव माहितीवर तसेच यंत्र तयार केले. बाहेरून झकपक, आत मात्र काहीच धड चालत नव्हते. पास्कल त्यावर फार चिडला होता. कागदावरचा विचार आणि कारागिराचा हात यांत किती अंतर असते, हे तो या काळात शिकला.

१६४६ मध्ये इटलीतल्या तोरिचेल्लीच्या पारा-नळीची वार्ता रुआँला पोचली. नळीच्या वरच्या टोकाला जी मोकळी जागा उरते तिथे काय असते, यावर विद्वानांत रण माजले होते. निसर्गाला पोकळी खपत नाही ही मान्यता दोन हजार वर्षांची. त्यामुळे तिथे पाऱ्याची वाफ किंवा कसलेतरी अदृश्य द्रव्य असणार, असे बहुतेकांना वाटे. रुआँमध्ये उत्तम काचकारखाना होता. पास्कलने तिथून सुमारे १५ मीटर लांबीच्या नळ्या करून घेतल्या, डोलकाठीला बांधून उभ्या केल्या आणि लोकांना बोलावले. एका नळीत पाणी, दुसरीत तांबडी वाइन. वाफेमुळे द्रव खाली ढकलला जात असेल, तर जास्त वाफाळणारी वाइन पाण्यापेक्षा खाली उतरायला हवी होती. प्रत्यक्षात ती वर राहिली, कारण ती पाण्यापेक्षा किंचित हलकी. बाहेरच्या हवेचे वजन द्रवाला तोलून धरते या म्हणण्याला जोर आला, आणि प्यूई द दोमने पुढच्या वर्षी त्यावर शिक्कामोर्तब केले.

प्रकृती मात्र साथ देत नव्हती. अठराव्या वर्षापासून एकही दिवस दुखण्याशिवाय गेला नाही, असे तो म्हणत असल्याचे जिल्बेर्तने नोंदवले आहे. डोकेदुखी, पोटात जाळ, आणि १६४७ मध्ये पाय इतके गारठून लुळावले की कुबड्या घ्याव्या लागल्या. द्रव पदार्थ कोमट करून थेंबाथेंबाने गिळावे लागत. त्या सप्टेंबरमध्ये देकार्त त्याला भेटायला आला. पोकळीवर दोघांचे पटले नाही, पण दुसऱ्या दिवशी येऊन देकार्तने त्याला अंथरुणात पडून राहण्याचा आणि भरपूर सूप घेण्याचा सल्ला दिला. डोंगरावरच्या प्रयोगाची कल्पना आपलीच, असा दावाही देकार्तने पुढे केला. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

१६५४ च्या सुमारास पास्कलने दोन छोटे प्रबंध पूर्ण केले, एक द्रवांच्या समतोलावर आणि दुसरा हवेच्या वजनावर. दुसऱ्यात पिचकारी, रक्त ओढणारी तुंबडी, बाळाचे स्तनपान, श्वास या सगळ्यांत ओढ म्हणून काही नसून बाहेरच्या हवेचा रेटा असतो, हे त्याने एकामागून एक दाखवले. पहिल्यात तो नियम आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे, सर्व दिशांना, जसाच्या तसा पोचतो. त्याचे उदाहरण असे: पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, दोन्हींवर घट्ट बसणारे दट्ट्ये. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल तर मोठ्यावर शंभर माणसांचा जोर तोलला जाईल. हे फुकट मिळत नाही, हेही त्याने लगेच सांगितले. लहान दट्ट्या शंभर बोटे सरकेल तेव्हा मोठा एकच बोट सरकेल.

भांडे भरलेले हवे, बंद हवे आणि दट्ट्ये गळते नसावेत, या तीन अटी कागदावर सोप्या आहेत. तिसरीने दीडशे वर्षे घेतली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रॅमा याने १७९५ मध्ये या तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, पण दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्याच्याकडचा कारागीर हेन्री मॉडस्ली याने चामड्याची वाटीसारखी कडा बसवली असे मानले जाते. आतला दाब वाढला की कडा भिंतीला आणखी घट्ट चिकटते, ही त्यातली खुबी. आज त्या चामड्याच्या जागी रबर आहे, आणि जुन्या गाडीच्या बहुतेक तक्रारी त्याच रबराशी येऊन थांबतात.

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच वायरने ओढला जातो. १९८० च्या दशकात होंडाच्या व्हीएफ ७५० आणि गोल्डविंग जीएल १२०० यांसारख्या मोठ्या गाड्यांवर वायरच्या जागी तेलाची नळी आली. हँडलवर तेलाची छोटी डबी, तिला जोडलेला मास्टर सिलिंडर, तिथून नळी थेट इंजिनाकडच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत. लिव्हर दाबला की मास्टरमधला लहान पिस्टन तेल ढकलतो, स्लेव्हमधला मोठा पिस्टन एका दांडीला रेटतो आणि क्लचच्या प्लेटा सुट्या होतात. समजा मास्टर १४ मिलिमीटर व्यासाचा आणि स्लेव्ह ३५ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळात सव्वासहा पटींचा फरक, म्हणून बोटांचा जोर सव्वासहा पट होतो. पण मास्टरमधला पिस्टन १० मिलिमीटर सरकला तर प्लेटांच्या वाट्याला जेमतेम १.६ मिलिमीटर येतात. एवढ्याशा हालचालीतले थोडेही वाया गेले, तर सिग्नलला पहिला गिअर टाकून लिव्हर पूर्ण दाबलेला असतानाही अडीच-तीनशे किलोची गाडी पुढे सरकू लागते. समोर रस्ता ओलांडणारे असतील तर हा नुसता यंत्राचा प्रश्न राहत नाही.

म्हणून लक्षण दिसताच भाग बदलत सुटण्याआधी पास्कलच्या तीन अटी तपासाव्यात. पहिली नजर डबीतल्या पातळीवर. ब्रेकमध्ये पॅड झिजतील तशी तेलाची पातळी खाली जाते. या क्लचमध्ये साधारणपणे उलटे घडते. प्लेटा झिजल्या की दांडी मागे येते, स्लेव्हचा पिस्टन आत सरकतो आणि तेल डबीत परत येऊन पातळी किंचित चढते. तेव्हा क्लचची पातळी उतरत असेल तर झीज म्हणून सोडून देऊ नये, कुठेतरी गळती आहे. लिव्हरच्या बुडाशी ओल किंवा रंगाला आलेले फोड दिसले तर मास्टर संशयित. स्लेव्ह अनेक गाड्यांत चेनच्या पुढच्या चक्रापाशी असतो, तिथले गळणे चेनच्या काळ्या चिखलात सहज लपते. तो भाग पुसून कोरडा करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. याच कारणाने डबी गळ्यापर्यंत भरणेही चूक, वर चढणाऱ्या तेलाला जागा हवी.

दुसरा संशयित हवा. पास्कल वारला त्याच वर्षी, १६६२ मध्ये, रॉबर्ट बॉईलने हवेवरचा दाब दुप्पट केला की तिचे आकारमान निम्मे होते हे प्रसिद्ध केले. तेल जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते, सगळी गोम इतकीच. वरच्या उदाहरणात लिव्हरच्या एका पूर्ण दाबात सुमारे दीड मिलिलिटर तेल सरकते. नळीत एक मिलिलिटर हवा, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग अडकला असेल, तर दाबाखाली ती चिरडली जाईपर्यंतच दोन-तृतीयांश हालचाल संपते. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो, चार-पाच वेळा भराभर दाबला की थोडा कडक होतो. हे हवेचे ठसठशीत लक्षण. मेकॅनिक एअर काढतात ती खालच्या निपलमधून, पण बुडबुडा स्वभावाने वर जातो आणि मास्टरपाशी नळी जोडणाऱ्या बोल्टच्या वळणात दडून बसतो. हँडल वळवून मास्टर सगळ्यांत उंच ठेवावा आणि त्या बोल्टपाशीही हवा काढावी. अर्धी बाटली तेल खाली वाहून जाऊनही लिव्हर मऊच राहतो, त्याचे कारण बहुधा तिथे असते.

गळती नाही, हवा नाही, तरी लिव्हर दाबून धरला की हळूहळू हँडलला टेकतो, अशी तिसरी तक्रार. अशा वेळी मास्टरमधल्या रबराच्या कडेवरून तेल मागे डबीत निसटत असते. बाहेर थेंबही दिसत नाही. खात्री करायची तर मास्टरच्या तोंडाशी नळी सोडवून तिथे बंद बोल्ट बसवावा, हवा काढावी आणि लिव्हर दाबावा. तो दगडासारखा घट्ट राहिला तर मास्टर निर्दोष, शोध खालच्या अर्ध्या भागात. खचला तर खालचे काही उघडायची गरज नाही. बागेतल्या त्या नळीचेच हे काम.

याच्या अगदी उलट दुखणे म्हणजे थंड असताना ठीक चालणारी गाडी तापल्यावर क्लच घसरू लागणे. इंजिनाचा आवाज चढतो, वेग वाढत नाही. लोक प्लेटा बदलतात आणि दोष तसाच राहतो. मास्टरमध्ये डबीकडे उघडणारे टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र असते. तापून फुगलेले तेल त्यातून परत जाते. जुन्या तेलाच्या खड्याने ते बुजले की दाब आतच कोंडतो आणि कोणी लिव्हर न दाबताही क्लच अर्धवट सुटतो. घसरत असतानाच निपल किंचित सैल करून पाहावा. तेल जोराने उडाले आणि घसरणे थांबले, तर छिद्र बुजले आहे किंवा नळी आतून सुजली आहे. डोळ्यांवर चष्मा आणि निपलवर फडके हवेच. दांडी पूर्ण सरकते आहे आणि तरी गाडी ओढते, असे दिसले तर मात्र तेलाच्या भागाला दोष देऊ नये. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत प्लेटा एकमेकींना चिकटतात. एक सावधगिरी: स्लेव्ह इंजिनावरून उतरवलेला असताना लिव्हर दाबला, तर पिस्टन बाहेर उडतो.

तेलाबद्दल थोडे. डॉट ४ प्रतीचे तेल हवेतली ओल शोषते. नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल मुरल्यावरचा निकष १५५ अंश. ओलीने सिलिंडर आतून गंजतो आणि त्या खरवडीने रबर कापते. तेल चहाच्या रंगाचे झाले की बदलावे. काही गाड्यांना खनिज तेल लागते. झाकणावर लिहिलेलेच तेल घालावे, कारण चुकीच्या तेलाने सील फुगतात आणि दोन्ही सिलिंडर उघडावे लागतात. डॉट तेल रंग खाते, त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देते, पोटात गेले तर विषारी आहे. हातमोजे घालावेत, डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवून डॉक्टर गाठावा, आणि उरलेले तेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

हे प्रबंध लिहून झाल्यावर पास्कल भौतिकशास्त्रापासून दूर गेला. १६५४ मध्ये फर्माशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक तीव्र धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद केलेला कागद तो कोटाच्या अस्तरात शिवून वागवत असे, आणि तो मिळाला त्याच्या मृत्यूनंतर. उरलेल्या वर्षांत धर्म आणि लेखन यांनी बहुतेक वेळ घेतला, तरी १६५८ मध्ये दातदुखीच्या रात्री विसर पडावा म्हणून तो चक्रजाच्या वक्ररेषेकडे वळला आणि त्यातून मोठे गणित निघाले. १६६२ च्या मार्चमध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या पाच सोल भाड्यात चालणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. सार्वजनिक बससेवेची ही पहिली आवृत्ती म्हणता येईल.

पाच महिन्यांनी, १९ ऑगस्ट १६६२ रोजी, जिल्बेर्तच्या घरी त्याचे निधन झाले. वय ३९. शवविच्छेदनात पोट आणि आतडी खराब झालेली आढळली, मेंदूतही विकृती दिसली. क्षय, पोटाचा कर्करोग असे तर्क पुढे झाले, निदान मात्र ठरले नाही.

ते दोन प्रबंध पेरिएने १६६३ मध्ये छापून आणले. त्यातल्या एका चित्रात पाण्याच्या खोल हौदाच्या तळाशी एक माणूस शांत बसला आहे आणि मांडीवर टेकवलेल्या लांब नळीचे दुसरे टोक पाण्याबाहेर आले आहे. बॉईलने ते वाचले, नियम मान्य केला, आणि इतका वेळ पाण्याखाली बसणारा हा माणूस श्वास कसा घेत होता, अशी रास्त शंकाही नोंदवली. पास्कलने हा प्रयोग प्रत्यक्ष केलाच नसावा, असा बॉईलचा कयास होता.